राजाचं मंडळ आणि परसातली खोपटी: हा 'प्रिव्ही' आहे तरी कोण?

मधुकाका_चिंचवड
नमस्कार मंडळी. सध्या लेकीकडे यॉर्कशायरला मुक्काम आहे. परवा तिनं एक जुनं शेतघर दाखवायला नेलं. घर बघून मागच्या अंगणात गेलो, तर टोकाला सफरचंदाच्या झाडाखाली एक दगडी खोपटी. आत वाकून बघितलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी टाकलेली जाड फळी, वापरून वापरून तुळतुळीत झालेली, आणि तिला शेजारीशेजारी दोन गोल भोकं. एक मोठं, एक लहान. मधे पडदा नाही, काही नाही. बाहेर पाटी: 'प्रिव्ही'.

मला हसू आवरेना. आमचे आजोबा बांधाच्या भांडणात मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाईन, पण हा हातभर बांध सोडणार नाही." इंग्रजी अमलात शेवटचं अपील लंडनला राजाच्या या मंडळाकडे जाई, त्यामुळे लहानपणापासून माझ्या डोक्यात प्रिव्ही म्हणजे झगे घातलेले गोरे न्यायाधीश. आणि इथं त्याच नावाचा संडास!

तर प्रश्न दोन. राजाच्या मंडळाला आणि या खोपटीला एकच शब्द कसा? आणि दोन्हीकडे चालेल असा मराठी शब्द आहे का? लेक म्हणते, "बाबा, तुम्हाला सुट्टीतही हेच सुचतं."

आळशी_मांजर
काका, आजोबा बांधासाठी कुठपर्यंत जायला तयार होते ते आज कळलं. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

सायली_लिहिते
दोन भोकं?? जोडीनं???

शब्दवेडा
मस्त धागा. मूळ लॅटिनमध्ये आहे. 'प्रिव्हुस' म्हणजे एकटा, सुटा. त्यावरून 'प्रिव्हारे', म्हणजे हिरावून घेणं, वंचित करणं. आणि 'प्रिव्हातुस' म्हणजे ज्याच्याकडे सरकारी अधिकारपद नाही असा माणूस. आज आपण 'प्रायव्हेट' म्हणतो ते हेच. आपल्याला प्रायव्हेट म्हटलं की बंद खोली, नावाची पाटी, काहीतरी ऐटीचं वाटतं. रोमन माणसाच्या कानाला त्यात उणीव ऐकू येई. पलटणीतल्या सगळ्यात खालच्या शिपायाला 'प्रायव्हेट' म्हणतात ते त्यातूनच, हुद्दा नसलेला.

'प्रिव्ही' इंग्रजीत आला तो फ्रेंच 'प्रिव्हे'मार्गे, तेराव्या शतकाच्या सुमाराला. फ्रेंचमध्ये त्याचे अर्थ जवळचा, सलगीचा, आतल्या गोटातला. आणि नाम म्हणून आडोशाची जागा. म्हणजे राजाच्या आतल्या गोटातले ते प्रिव्ही आणि माणूस आडोशाला जातो तीही प्रिव्ही. दोन्ही अर्थ एकाच बोटीतून इंग्लंडात उतरले.

मी_सांगलीकर
लॅटिन कशाला पाहिजे? सरळ दिसतंय, संस्कृत 'प्रिय' पासून प्रिव्ही. राजाला प्रिय ते प्रिव्ही. सगळं आपल्याकडूनच गेलंय.

शब्दवेडा
@मी_सांगलीकर, 'प्रिय'ला इंग्रजीत भावंडं आहेत, पण ती 'फ्री' आणि 'फ्रेंड' ही. प्रिव्ही त्या घरातला नाही. आणि राजाला प्रिय म्हणून प्रिव्ही म्हटलं, तर काकांच्या खोपटीचं काय करायचं?

मी_सांगलीकर
सकाळी सकाळी तीही प्रियच असते हो. बाकी फ्री-फ्रेंडचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

इतिहासाचा_कीडा
शब्दवेडा, एक बोटबिट ठीक, पण दोन अर्थ एकमेकांपासून इतके लांब नव्हतेच. आठव्या हेन्रीच्या दरबारात राजाच्या खासगी दालनांना 'प्रिव्ही चेंबर' म्हणत, आणि तिथला सगळ्यात वजनदार माणूस कोण? 'ग्रूम ऑफ द स्टूल'. स्टूल म्हणजे राजाची शौचाची पेटी, वरून गादी-मखमल लावलेली. राजा तिथं बसला की हा सोबत. काम ऐकून नाक मुरडू नका. राजाशी एकांतात बोलायला मिळणारा माणूस हाच, त्यामुळे भलेभले सरदार या जागेसाठी टपलेले असत. हेन्री नॉरिस हा असाच एक. १५३६ साली हेन्रीची राणी अ‍ॅन बुलीन हिच्या प्रकरणात त्याचं डोकं उडालं. पुढं या पदाचं नाव 'स्टोल' असं सभ्य करून घेतलं आणि सातवा एडवर्ड गादीवर आल्यावर १९०१ साली ते कायमचं गेलं.

म्हणजे मूळ शब्दच संडासाचा, मंडळाला तो तिथून मिळाला, असं माझं मत.

शब्दवेडा
मत असू द्या, पण कालक्रम जुळत नाही. 'प्रिव्ही सील' ही राजाची हाताजवळची मुद्रा जॉन राजाच्या काळातली, म्हणजे हेन्रीच्या तीनशे वर्षं आधीची. मोठी मुद्रा चान्सलरकडे असे आणि प्रत्येक कागदासाठी ती मागवणं जिकिरीचं, म्हणून स्वतःपाशी एक छोटी. ती मुद्रा सांभाळणाऱ्याचं पद अजून ब्रिटिश मंत्रिमंडळात आहे, लॉर्ड प्रिव्ही सील. त्यावरचा तिथला जुना विनोद असा, की हा गृहस्थ लॉर्डही नसतो, प्रिव्हीही नसतो आणि सीलही नसतो. (सील म्हणजे मुद्रा आणि समुद्रातला तो मिशाळ प्राणीही.)

गोदाकाठ
आपल्याकडे शिक्का आणि मोर्तब होतं तसंच ना हे? मोठी मुद्रा आणि छोटी मुद्रा?

इतिहासाचा_कीडा
नाही हो. शिवाजी महाराजांच्या पत्रात वर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही राजमुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब. मोर्तब म्हणजे मजकूर इथं संपला, याखाली कुणी ओळ घुसडू नये. दोन्ही एकाच कागदावर असत. प्रिव्ही सील हा मोठ्या मुद्रेला वळसा घालायचा राजाचा मार्ग. मोर्तबीचा हेतू चोख कारभार, प्रिव्ही सीलचा हेतू सोय.

(आणि कालक्रमाचा मुद्दा मान्य. संडास आधी, मंडळ नंतर हे माझं म्हणणं मागे.)

आळशी_मांजर
आंतरजालावर कुणीतरी म्हणणं मागे घेतलं! तारीख लिहून ठेवा रे.

निवृत्त_वकील
उशिरा आलो. मधुकाकांच्या आजोबांवरून लिहितो, कारण ते वाक्य मी अशिलांच्या तोंडून चिकार ऐकलंय, तेही प्रिव्ही कौन्सिलचा इथला अधिकार संपून वीस-पंचवीस वर्षं झाल्यावर.

हिंदुस्थानातल्या उच्च न्यायालयांवरचं अपील लंडनला या कौन्सिलच्या न्यायिक समितीकडे जाई. समिती १८३३ च्या कायद्यानं नीट बांधली गेली. आपला तिच्याशी संबंध १० ऑक्टोबर १९४९ ला तुटला, घटना लागू व्हायच्या जेमतेम साडेतीन महिने आधी. मुकुंदराव जयकर १९४२ पर्यंत या समितीवर होते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

लोकमान्यांचे तर तिच्याशी एकाहून अधिक वेळा संबंध आले. १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेवर अपिलाची परवानगी मागितली. बाजू मांडायला अ‍ॅस्क्विथ होते, जे पुढं ब्रिटनचे पंतप्रधान झाले. परवानगी नाकारली. दुसरं ताईमहाराज प्रकरण. ताईमहाराजांचे पती बाबा महाराज १८९७ साली वारले, त्यांच्या मृत्युपत्राचे एक विश्वस्त टिळक. १९०१ साली औरंगाबादेत ताईमहाराजांनी दत्तक घेतला, मग तो खरा की खोटा यावर वाद. मधे टिळकांवरच फौजदारी, मग मंडाले. आणि शेवटी १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलनं टिळकांच्या बाजूनं निकाल दिला. चौदा वर्षं. आजोबांची धमकी पोकळ नव्हती, फक्त ती पुरी करायला पदरी पैसा आणि आयुष्य दोन्ही लागायचं.

आता 'प्रिव्ही' कशात? तर कागदोपत्री तो निकालच नसतो, राजाला दिलेला सल्ला असतो. 'आम्ही महाराजांना नम्रपणे असा सल्ला देऊ' अशा धाटणीचं शेवटचं वाक्य. सल्ला एकमुखी हवा, म्हणून कुणा न्यायाधीशाचं वेगळं मत असलं तरी ते बाहेर कळायचं नाही. भिन्नमत छापायची मुभा १९६६ साली मिळाली. कौन्सिलच्या सभासदांची गुप्ततेची शपथ तर अशी, की तिचा मजकूरच १९९८ पर्यंत अधिकृतपणे जाहीर केलेला नव्हता.

सायली_लिहिते
गुप्ततेची शपथ गुप्त ठेवायची. आमच्या सासरी चकलीच्या भाजणीचं प्रमाण असंच आहे.

पोर्टलुईसचा_पाहुणा
नोकरीनिमित्त मॉरिशसला असतो. इथं प्रिव्ही कौन्सिल इतिहासजमा नाही बरं. १९९२ साली देश प्रजासत्ताक झाला, तरी शेवटचं अपील अजून लंडनलाच जातं. इथल्या मराठी मंडळींशी गप्पा मारताना एक आजोबा जमिनीच्या वादावरून अगदी तुमच्या आजोबांसारखंच म्हणाले. फरक इतकाच, की हे खरंच जाऊ शकतात!

निवृत्त_वकील
वा! त्यांना म्हणावं, तिकीट काढायच्या आधी वकिलाची फी विचारा.

अवांतर होतंय, पण शब्दाचाच भाऊ आहे म्हणून सांगतो. करारात 'प्रिव्हिटी' नावाचं तत्त्व असतं. करार दोघांमधला, तिसऱ्यानं त्यावर दावा ठोकायचा नाही. म्हणजे कराराच्या खोलीत कोण आत आणि कोण बाहेर. याला अपवाद करणारा एक झकास खटला प्रिव्ही कौन्सिलनंच १९१० साली निकालात काढला. १८७७ साली दोन व्याह्यांनी आपल्या अल्पवयीन मुलामुलीचं लग्न ठरवताना करार केला, की मुलाचा बाप सुनेला दरमहा ५०० रुपये 'खर्च-ए-पानदान' देईल. शब्दशः विड्यापानाचा खर्च, म्हणजे बाईचा स्वतःचा, कुणाला हिशेब न देण्याचा पैसा. पुढं नवराबायकोचं बिनसलं, ती वेगळी राहू लागली, सासऱ्यानं हात आखडले. तिनं दावा लावला. सासरा म्हणतो, करार माझा आणि तिच्या बापाचा, ही कोण? कौन्सिल म्हणालं, करार जिच्यासाठी केला तिलाच बाहेर काय ठेवता, पैसे द्या. हुसैनी बेगम जिंकली.

सायली_लिहिते
विड्यापानाला महिना ५००, तेही १८७७ साली! पण 'कुणाला हिशेब न देण्याचा पैसा' ही व्याख्या फार आवडली. हीच खरी प्रिव्ही पर्स. आमची आजी तांदळाच्या डब्यात ठेवायची ती.

कोल्हापुरी_ठसका
प्रिव्ही पर्सचा विषय निघाला आणि मी गप्प बसू व्हय? संस्थानं विलीन करताना राजेलोकांना वर्षाला तनखा देऊ असं सरकारनं लिहून दिलं, घटनेत २९१ वं कलम घातलं, वर प्राप्तिकर माफ. कुणाला लाखांनी, तर काठियावाडातल्या काटोडियाच्या संस्थानिकाला वर्षाला १९२ रुपये! महिन्याला १६. राजा सायकलवरनं तनखा आणायला जात असंल तर सायकलच्या पंक्चरलाच संपत असंल.

मग इंदिराबाईंनी ते मोडायचं ठरवलं. १९७० ला राज्यसभेत दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं. मग राष्ट्रपतींच्या आदेशानं राजांची मान्यताच काढली, तर डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं तो आदेश उडवला. शेवटी १९७१ ला २६ वी घटनादुरुस्ती करून विषय संपवला. आमच्यात लोक 'तनखा' म्हणायचे. प्रिव्ही पर्स म्हटलं की बाईमाणसाच्या पर्सचं कायतरी वाटायचं.

गोदाकाठ
तनखा म्हणजे नेमणूक, पगार. तो प्रिव्ही पर्सचा अर्थ नव्हे. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे आणि तो सगळे विसरलेत: खासगी. होळकरांकडे 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन वेगळे हिशेब असत. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीचा मुलूख तोडून दिला. पुढं अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या त्या या खासगीतून, राज्याच्या तिजोरीला हात न लावता. इंग्लंडच्या राजाकडे आजही 'कीपर ऑफ द प्रिव्ही पर्स' नावाचा अधिकारी आहे. आपल्याकडे खासगीवाले आडनाव आहे. तेच ते.

मधुकाका, निम्मं उत्तर मिळालं समजा.

शुद्धलेखन_पोलीस
'खासगी' लिहिलंत, आनंद झाला. नव्वद टक्के लोक 'खाजगी' लिहितात. मूळ शब्द 'खास', त्यात ज कुठून आला?

कोल्हापुरी_ठसका
तोंडातनं आला. आम्ही खाजगीच म्हणतो, म्हणणार.

शुद्धलेखन_पोलीस
बोलताना म्हणा, लिहिताना नको.

मी_सांगलीकर
मग मोर्तबही मूळ अरबीत जसं असेल तसंच लिहायचं का? भाषेत आलेला शब्द भाषेचा. दोन्ही चालतात.

आळशी_मांजर
आला, आला! मराठी धाग्याचा अटळ टप्पा आला. आता पाणी आणि पानी येईल.

शब्दवेडा
पोलीस आणि ठसका, तुमची मारामारी खासगीत (किंवा खाजगीत) करा.

गोदाकाठ यांचं खासगी एकदम बरोबर. पण त्यात मंडळ आणि पैसा बसतो, खोपटी बसत नाही. 'खासगी कुठं आहे?' असं विचारून पाहुण्याला संडास सापडणार नाही. संस्कृतात मात्र दोन्हीकडे जाणारा शब्द आहे, 'गुह्य'. गीतेच्या नवव्या अध्यायात 'राजविद्या राजगुह्यं' म्हणजे गुपितांचा राजा, आणि त्याच 'गुह्य'चा दुसरा अर्थ शरीराचा झाकायचा भाग. इंग्रजीतही 'प्रिव्ही पार्ट्स' म्हणत. प्रिव्ही कौन्सिलला तर 'मंत्र' हा शब्द जुनाच आहे: मंत्र म्हणजे एकांतातली मसलत, ती करणारा मंत्री. 'षट्कर्णो भिद्यते मन्त्रः', सहा कानांत गेली की मसलत फुटली. आपण अजून म्हणतो, गोष्ट षट्कर्णी झाली.

मी_सांगलीकर
हिशेब बरोबर आहे. काकांच्या फळीला दोनच भोकं, म्हणजे चारच कान.

नगर_अभियंता
हा प्रतिसाद वाचून चहा कीबोर्डवर सांडला.

मी पालिकेत रस्ते-गटारं खात्यात नोकरी केली, त्यामुळे 'प्रिव्ही' मला लंडनहून नाही, कायद्याच्या पुस्तकातून भेटली. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा उघडा, जागोजागी प्रिव्ही. त्यातच 'हाउस गल्ली'ची व्याख्या आहे: गटारासाठी किंवा संडास, मुतारी, मैल्याचा हौद इथपर्यंत पालिकेच्या माणसाला पोचता यावं म्हणून राखलेली जमिनीची पट्टी. गिरगाव, परळच्या चाळींमागं दोन इमारतींत जेमतेम हातभर रुंदीची बोळ दिसते ना, तीच. आज त्यात पाइप, उंदीर आणि वरून फेकलेल्या पिशव्या. पण ती मुळात ठेवली माणसाला आत शिरायला. टोपलीचे संडास होते तेव्हा घरातल्यांचा आडोसा पुढच्या दारानं सांभाळला जाई आणि मागच्या दारानं कुणीतरी टोपली डोक्यावर घेऊन जाई. त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, हीच त्या गल्लीची सोय.

शब्दवेडा यांनी सुरुवातीला सांगितलं, की मूळ धातूचा अर्थ हिरावून घेणं. तो अर्थ मला त्या गल्लीत दिसतो. एकाच्या खासगीपणासाठी दुसऱ्याचं काय काय हिरावलं. हे काम संपवायचा कायदा व्हायला १९९३ उजाडलं आणि तोही पुरला नाही म्हणून २०१३ ला दुसरा करावा लागला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन 'गोपुरी संडास' बांधून दाखवत होते, ते याच्या कितीतरी आधी. मैला हातानं उपसावा लागू नये, त्याचं खत व्हावं, एवढं साधं.

गोदाकाठ
अभियंतासाहेब, हे कुणी लिहिलं नसतं. धन्यवाद.

कोल्हापुरी_ठसका
+१. आमच्या गल्लीतबी होती तसली बोळ. पोरं चेंडू गेला तरी आत जायची नाहीत.

सायली_लिहिते
विषय बदलत नाही, पण मराठीतले शब्द बघा. संडास, शौचकूप, पायखाना, आणि जुन्या लोकांचा 'शेतखाना'. पण बोलताना कुणीच जागेचं नाव घेत नाही, दिशेचं घेतं. परसाकडे जाऊन येतो. बहिर्दिशेला गेलेत. इंग्रजांनीही खोलीवर पांघरूण घातलं: प्रिव्ही, मग क्लोझेट, मग वॉटर क्लोझेट. म्हणजे प्रिव्हीचं मराठी भाषांतर 'परसाकडे'. काकांची खोपटी होतीच की परसाच्या टोकाला.

पोर्टलुईसचा_पाहुणा
मग प्रिव्ही कौन्सिल म्हणजे परसाकडचं मंडळ?

आळशी_मांजर
आजोबा: "परसाकडे जाईन, पण बांध सोडणार नाही."

मधुकाका_चिंचवड
अरे काय हे! दोन दिवस लेकीनं डोंगरात फिरवलं, तिथं रेंज नव्हती, इकडे तुम्ही आमच्या आजोबांना कुठं नेऊन बसवलंत.

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, चौदा वर्षांचं वाचून आजोबांच्या हातभर बांधाबद्दलचा माझा राग गेला. नगर_अभियंता, तुमचा प्रतिसाद लेकीला मोठ्यानं वाचून दाखवला.

आता माझी भर. काल आईशी व्हिडिओवर बोललो. ती चौऱ्याऐंशीची, कान शाबूत. तिला त्या फळीचा फोटो दाखवला. मला वाटलं नाक मुरडेल. ती म्हणाली, "दोन होय? बरंय की." मग सांगायला लागली. लग्न होऊन आली तेव्हा घरात एकोणीस माणसं, चार जावा. स्वयंपाकघरात सासूबाई, माजघरात आत्याबाई, पडवीत पुरुषमंडळी, ओसरीवर आलागेला. बायकांना दोन वाक्यं मनातली बोलायची तर जागाच नाही. दिवेलागणीला एकीनं तांब्या उचलला की दुसरी म्हणायची, थांब गं, मीही येते. कंदील घेऊन जोडीनं परसाकडे. तिथल्या आडोशाला उभं राहून कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या माहेरून पत्र आलंय, कुणाच्या नवऱ्यानं हात उचलला, सगळं तिथंच. धाकट्या आत्याचं शाळा सोडून लग्न लावायचं घाटत होतं, ते हाणून पाडायचा बेतही तिथंच शिजला आणि आत्या मॅट्रिक झाली. सासूबाईंना वाटायचं, सुनांची पोटं नाजूक.

मी विचारलं, मग त्या जाण्याला तुम्ही काय म्हणायचात? म्हणाली, "काही नाही. एकमेकींना नुसतं 'येतेस?' म्हणायचो."

फोटो चढवायचा प्रयत्न करतोय, पण आकार मोठा आहे म्हणतंय. कुणीतरी सांगा कसा लहान करायचा.